समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने आकडे कुठून शिकावेत? आणि २०११ साली आम्ही मोजले गेलो का?

फडावरची | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

समाजशास्त्रात एम.ए. झालं आहे आणि आता पीएच.डी.ला नोंदणी झाली आहे. विषय आहे ऊसतोड कामगार बायकांचं स्थलांतर आणि आरोग्य. हा विषय मला शोधावा लागला नाही, घरातच होता. आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले. आईवडील २०१४ पर्यंत कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जायचे. आजी अंथरुणाला खिळल्यावर गावी सांभाळायला कुणी उरलं नाही, म्हणून तीन हंगाम मीही त्यांच्याबरोबर सांगली जिल्ह्यात फडावर होते, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत.

मुलाखती मला जमतात. बायका माझ्याशी बोलतात, कारण मी त्यांच्यातलीच आहे. चाळीस मुलाखती झाल्या आहेत. पण जे प्रश्न मला पडतात ते आकड्यांशिवाय सुटत नाहीत. आमच्या तालुक्यातून किती बायका जातात? गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण त्यांच्यात खरंच जास्त आहे, की ओळखीतल्या चार जणींची काढली म्हणून आम्हाला तसं वाटतं? दहावीनंतर गणित सुटलं ते सुटलंच. कोर्सवर्कला संशोधनपद्धतीचा पेपर होता. त्यासाठी मध्यमान, मध्यक, बहुलक आणि काय-वर्ग (काय-स्क्वेअर) कसोटी पाठ केलं, पास झाले, विसरले. मार्गदर्शक म्हणतात ३८४ चा नमुना घे, तक्त्यात तेवढाच दिलाय. ३८४च का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "सगळे तेवढाच घेतात."

तर पहिला प्रश्न: माझ्यासारखीने संख्याशास्त्र आणि लोकसंख्येचं विश्लेषण कुठून, कोणत्या क्रमाने शिकावं?

दुसरा प्रश्न मनात कित्येक वर्षांपासून आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये आम्ही चौघं कोपीत होतो. जनगणनेला कुणी आल्याचं मला आठवत नाही, आईलाही नाही. आम्ही मोजले गेलो का?

---

वर्गमूळ | शनिवार, रात्री ९:३८

आधी ३८४ चा उलगडा करतो, कारण हा आकडा महाराष्ट्रातल्या अर्ध्या प्रबंधांत दिसतो आणि तो कुठून आला हे फार थोड्यांनी विचारलेलं असतं.

तो एका साध्या गुणाकार-भागाकारातून येतो. ९५ टक्के खात्री हवी असेल तर १.९६ घ्या, त्याचा वर्ग करा. त्याला ०.५ गुणिले ०.५ ने गुणा. चूक पाच टक्क्यांपर्यंत चालणार असेल तर ०.०५ च्या वर्गाने भागा. उत्तर ३८४.१६. क्रेज्सी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० मध्ये लोकसंख्येच्या आकारानुसार याचा तक्ता छापला आणि तोच झेरॉक्स होत होत सगळीकडे पोचला.

पण त्यामागे एक अट आहे. प्रत्येक बाई स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकून निवडलेली हवी. तुम्ही काय करणार? ऊसतोड मजुरांच्या वीस टोळ्या गाठणार आणि प्रत्येकीतल्या वीसेक बायकांशी बोलणार. एका टोळीतल्या बायका एकाच गावच्या, एकाच मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या), बहुतेक एकाच दवाखान्यात जाणाऱ्या. पहिल्या पाचजणींनी जे सांगितलं तेच थोड्याफार फरकाने पुढच्या पंधराजणी सांगणार. समजा ० ते १ च्या मापावर हे आपसातलं साम्य ०.१ इतकं आहे. मग नमुन्याचं खरं वजन १ + १९ × ०.१ (१९ म्हणजे टोळीतल्या वीसजणींतून एक वजा) म्हणजे २.९ पटीने घटतं. ३८४ बायकांशी बोलूनही माहिती मिळते साधारण १३२ बायकांइतकी.

यावर उपाय सोपा आहे. टोळ्या जास्त घ्या, प्रत्येकीतल्या बायका कमी.

---

सुपारी | शनिवार, रात्री ९:५१

आठ वर्षांपूर्वी माझ्या प्रबंधातही ३८४च होते! आज कळलं का ते. वाचनखूण साठवली.

---

जुना प्रगणक | शनिवार, रात्री १०:२०

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९८१, ९१, २००१ आणि २०११ अशा चार जनगणना केल्या. बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आमच्या पुस्तिकेतला नियम असा होता: माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याची नोंद करायची, पण मोजणीच्या मुदतीत तो काही काळ तरी तिथे हवा. २०११ ची मुदत होती ९ ते २८ फेब्रुवारी. जो सबंध मुदतभर बाहेर आहे, त्याला जिथे तो सापडेल तिथे मोजायचं. २८ च्या रात्री बेघरांची मोजणी आणि मग १ ते ५ मार्च उजळणी फेरी.

म्हणजे नियमाप्रमाणे धारूरच्या प्रगणकाने तुम्हाला मोजायचं नव्हतं आणि सांगलीच्या प्रगणकाने मोजायचं होतं. आता अडचण कुठे येते बघा. प्रगणकाच्या हातात घरांची यादी असते ती आधीच्या वर्षीच्या घरयादीच्या फेरीतली. ती फेरी एप्रिल ते सप्टेंबर २०१० मध्ये झाली. त्या दिवसांत तुमची कोपी उभीच नव्हती, तिथे मोकळं रान होतं. फेब्रुवारीत नकाशावर नसलेल्या कोप्या शोधून त्यांची भर घालायची जबाबदारी प्रगणकावर होती. जो मन लावून फिरला त्याने घातली असेल. तुमच्या वाट्याला कोण आला, ते मी कसं सांगू?

एवढं मात्र खरं की जनगणनेनंतर सरकार स्वतःच पडताळणी सर्वेक्षण करतं. २०११ च्या पडताळणीत हजारी २३ माणसं मोजणीतून सुटल्याचं निघालं. मला तेव्हापासून रुखरुख आहे की माझ्या गटातली ती २३ कोण असतील.

---

देवनारकर | शनिवार, रात्री ११:०५

मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या वर्गात हा धडा शिकवायला दोन तास लागले असते.

मी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकलो, आयआयपीएस म्हणतात ती. १९५६ साली भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून ती प्रशिक्षण केंद्र म्हणून काढली. १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माझ्या वर्गात आशिया-आफ्रिकेतल्या देशांतून त्यांच्या सरकारांनी पाठवलेले विद्यार्थी होते. समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, कुठल्याही अंगाने माणूस येतो. गणितवाले थोडेच असतात. त्यामुळे "मला गणित येत नाही" ही भीती आधी काढून टाका. यातलं बरंचसं गणित बेरीज-भागाकाराचं आहे. अवघड भाग असतो तो कशाला कशाने भागायचं हे ठरवण्याचा.

आमच्या सरांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न होता: "छेदात कोण आहे?" तोच क्रम मी सुचवेन.

आधी दर आणि प्रमाण यांतला फरक पक्का करा. मग वयाची रचना. हे एक उदाहरण सोडवलंत की निम्मं लोकसंख्याशास्त्र हातात येतं: केरळचा ढोबळ मृत्युदर (वर्षात हजार लोकांमागे किती मृत्यू) बिहारपेक्षा जास्त आहे. म्हणजे केरळात माणसं लवकर मरतात का? उलट. केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत, आणि म्हातारी माणसं तरुणांपेक्षा जास्त मरणारच. दोन्ही राज्यांच्या वयोगटवार दरांना एकच प्रमाण वयरचना लावली की चित्र पालटतं. याला वयाचं प्रमाणीकरण म्हणतात.

तुमचा गर्भपिशवीचा प्रश्न नेमका इथेच येतो. राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, साधारण १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ ला, देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण ३.२ टक्के होतं. फरक अंगावर येतो. तरी १७ ला ३.२ ने भागून "पाचपट" असं लिहू नका. दुसऱ्या आकड्यात पंधरा वर्षांच्या मुलीही छेदात आहेत. पहिल्यात कोणकोणत्या वयाच्या बायका आहेत? वयोगट पाडा, तिशीची तिशीशी आणि चाळिशीची चाळिशीशी तुलना करा, मग बोला. फरक त्यानंतरही मोठाच निघाला तर त्याला कोणी हात लावू शकणार नाही. तुमच्या बायकांची बाजू मांडायची तर ती अशी भक्कम मांडा.

---

ओवी | रविवार, सकाळी ८:१५

मी मानववंशशास्त्रवाली, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावते.

फडावरची, तुझ्याकडे जे आहे ते देवनारच्या कुठल्याही वर्गात मिळत नाही. तू कोपीत राहिलीस. चाळीस बायका तुझ्याजवळ बोलल्या. आता प्रश्नावली घेऊन ३८४ जणींसमोर जाशील तेव्हा तूही "सर्वेवाली" होशील, आणि त्या तुला तेच सांगतील जे सर्वेवाल्यांना सांगतात.

दुसरं, लोकसंख्याशास्त्राचा आपल्याकडचा इतिहास विसरू नये. माणसं मोजणाऱ्यांनीच माणसांचे कोटेही ठरवले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. कुटुंब नियोजनातली 'उद्दिष्टं' काढायला १९९६ उजाडलं. ज्या बायकांची पिशवी काढलेली असते त्यांच्या पाठीमागे हाही इतिहास उभा आहे. बाईचं शरीर हा कुणाच्या तरी तक्त्यातला रकाना होता.

मोजू नको असं म्हणत नाही. मोजण्याआधी थांब आणि विचार कर, एवढंच.

---

देवनारकर | रविवार, सकाळी ९:०२

ओवी, इतिहासाबद्दल एक शब्दही खोडणार नाही. तो आम्हाला अभ्यासक्रमातही शिकवला.

पण त्याच महाराष्ट्रात दुसरी परंपराही आहे. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते बाईच्या सुखासाठी, कुणाच्या कोट्यासाठी नव्हे. नोकरी गेली तरी त्यांनी ते सोडलं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकरांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूचं सर्वेक्षण केलं, ते १९५३ मध्ये छापलं गेलं. गावोगाव फिरून केलेलं काम आहे ते. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच माणसांकडून जन्म-मृत्यू नोंदवून घेतले, तेव्हा कुठे कळलं की सरकारी कागदावर दिसतात त्याहून किती जास्त बाळं दगावतात. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि ९२ टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचं १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तोवर हा आजार सगळ्यांना माहीत होता आणि कुणालाच दिसत नव्हता. ९२ हा आकडा आला म्हणून जगाने मान वळवली.

---

ओवी | रविवार, सकाळी ९:२०

मान्य. पण त्या बायका तपासणीला आल्या त्याआधी तिथे कुणीतरी राहून विश्वास मिळवला होता. माझा मुद्दा तोच.

---

चाकरमानी | रविवार, सकाळी १०:४४

थोडं अवांतर. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचं लिंगगुणोत्तर २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका! मुंबई शहराचं ८३२. लहानपणी वर्तमानपत्रात वाचून गावच्या शाळेत भाषण ठोकलं होतं की कोकणात मुलींचा केवढा मान. गुरुजींनी विचारलं, "तुझे बाबा कुठे असतात?" म्हटलं, परळला. "आणि काका?" लालबागला. गुरुजी म्हणाले, "मग मोज आता."

शून्य ते सहा वयाच्या मुलांचा आकडा काढला तर रत्नागिरीतही मुली हजाराच्या आतच भरतात. बाकीचा फरक आमच्या चाकरमान्यांचा.

---

सुपारी | रविवार, सकाळी ११:१०

यावरून आठवलं. मधे बातमी होती की देशात आता हजार पुरुषांमागे १०२० बायका झाल्या. २०११ च्या जनगणनेत तर ९४३ होत्या. दहा वर्षांत एवढी सुधारणा? जाणकारांनी सांगावं.

---

देवनारकर | रविवार, दुपारी १२:३०

ती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१ ची. सव्वासहा लाखांहून जास्त घरं, सव्वासात लाखांच्या आसपास बायका. इतकं मोठं सर्वेक्षण असूनही तो आकडा लिंगगुणोत्तर म्हणून वापरू नये, कारण पुन्हा तेच: छेदात कोण आहे?

हे घरोघरीचं सर्वेक्षण आहे. आदल्या रात्री त्या घरात जो झोपला तो त्या मोजणीत धरला. बराकीतला जवान, बांधकामावरच झोपणारा मजूर, वसतिगृहातला मुलगा, हे कुठल्याच घरात नाहीत. त्यांत पुरुष जास्त. म्हणजे १०२० मध्ये चाकरमान्यांचीच गोष्ट देशभर पसरली आहे. मुलींची खरी स्थिती बघायची तर त्याच अहवालातला जन्मवेळचा आकडा बघा. सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. निसर्गतः हा आकडा साडेनऊशेच्या आसपास असतो. मधल्या वीसेक मुली कुठे गेल्या, याचं उत्तर १०२० देत नाही, उलट तो प्रश्नच झाकून टाकतं.

फडावरची, या सर्वेक्षणाचा मूळ विदा (डेटा) नोंदणी करून मोफत मिळतो. उतरवून घे. त्यातली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे वर्ष वाचेल. व्ही००५ नावाचा स्तंभ असतो, तो भारांक. लहान राज्यांतून मुद्दाम जास्त घरं घेतलेली असतात, त्यामुळे प्रत्येक बाईचं वजन वेगळं. तो आकडा दहा लाखांनी गुणून ठेवलेला असतो, म्हणून आधी दहा लाखांनी भागायचा. भारांक न लावता केलेली टक्केवारी दिसायला अगदी बरोबर दिसते. म्हणूनच ती घातक. माझ्या एका मैत्रिणीचा प्रबंध याच कारणावरून परत आला, सहा महिने पुन्हा बसावं लागलं. तिला हे शिकवणारं तिच्या विभागात कुणी नव्हतं. त्याचा मला अजूनही राग येतो.

---

हिमवाट | रविवार, संध्याकाळी ६:५५ (तिकडे तुमची संध्याकाळ, इकडे माझी सकाळ)

मी मूळची सोलापूरची, राज्यशास्त्रवाली. इथे समाजशास्त्रज्ञांना आकडे शिकवण्यासाठी उन्हाळी शाळा असतात. मिशिगन विद्यापीठात अ‍ॅन आर्बरला १९६३ पासून चालते, इंग्लंडात एसेक्सला १९६८ पासून. मी अ‍ॅन आर्बरची केली. सकाळी प्रतिगमन (रिग्रेशन), दुपारी सराव, रात्री गृहपाठ. पहिल्या आठवड्यात मी रोज रडायचे. तिसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी आली की सगळं जागेवर बसलं.

ती दुपार बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांची. एकूण बघितलं तर अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी ३५ टक्क्यांना. उघड पक्षपात. मग विभागवार फोड केली तर बहुतेक विभागांत बायकांवर अन्याय दिसेना. बायकांनी जास्त अर्ज केले होते ते मुळातच जिथे प्रवेश मिळणं अवघड अशा विभागांत. आता यावर "म्हणजे पक्षपात नव्हताच" असं म्हणायचं, की बायका त्या विभागांकडे का वळतात हा प्रश्न घ्यायचा? तिथे गणित संपतं आणि आपलं समाजशास्त्र सुरू होतं. मला हा विषय त्या दिवशी आवडला.

खर्चाचं म्हणाल तर शुल्क भारी आहे, शिष्यवृत्तीशिवाय इथे यायचा हट्ट नको. आर ही संगणकप्रणाली मोफत आहे. चोरून आणलेल्या सॉफ्टवेअरवर प्रबंध करू नका, आणि कृपा करून विद्यापीठाच्या गेटबाहेरच्या दुकानात "विश्लेषण करून मिळेल" वाल्याकडे विदा देऊ नका. तुमच्या चाळीस बायकांनी दिलेला विश्वास आहे तो.

---

वर्गमूळ | रविवार, संध्याकाळी ७:२०

शेवटच्या वाक्याला +१००.

---

फडावरची | रविवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. देवनारकर, तुमचं उदाहरण कागदावर सोडवून बघितलं. समजा दोन गावं आणि तीन वयोगट घेऊन. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. खूप आनंद झाला.

ओवीताई, तुमचं म्हणणं मनात राहिलंय. पण एक सांगू? मुलाखतीत बायकाच मला आकडे विचारतात. "आमच्यासारख्या किती असतील गं?" हा त्यांचा प्रश्न आहे. एकटीला झालं तर नशीब म्हणून सोडून देतात. किती जणींना झालंय हे कळलं की आवाज बदलतो.

आता एक अडचण. स्थलांतरावरचे सरकारी आकडे शोधले तर आमच्याकडच्या बायका त्यांत दिसतच नाहीत. असं का?

---

देवनारकर | रविवार, रात्री ९:३५

कारण व्याख्या. जनगणना विचारते, याआधी कुठे राहत होता? जो दरवर्षी जातो आणि परत येतो त्याचं आधीचं ठिकाण आणि आताचं ठिकाण एकच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत, २००७-०८ ला, अल्पकालीन स्थलांतराचा वेगळा प्रश्न होता: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर होतात का?

आता तुमचा हंगाम मांडा. दसरा-दिवाळीला निघायचं, पाडव्याच्या पुढे-मागे परतायचं. साडेपाच महिन्यांत परतलेली बाई यात येते. कारखाना लांबला आणि सव्वासहा महिने झाले, तर तीच बाई यातून गळते. ज्या वर्षी ऊस जास्त त्या वर्षी ऊसतोड कामगार कमी!

---

चाकरमानी | रविवार, रात्री ९:४१

बाप रे. हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर घ्या.

---

वर्गमूळ | रविवार, रात्री १०:०५

आणखी एक गाठ सोडवावी लागेल. मोजायचं काय, हे ठरलंय का? माझ्या माहितीप्रमाणे मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती 'कोयत्या'ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत चाळीस कोयते लिहिलेले असतील तर बायका चाळीस. पण विधवा बाई भावाबरोबर जोडीने गेली तर? दोन बायकांनी मिळून कोयता लावला तर? बरोबर नेलेली चौदा वर्षांची मुलगी, जी मोळ्या बांधते पण वहीत नाही?

---

फडावरची | रविवार, रात्री १०:३०

ती मुलगी मी होते.

अर्धा कोयता म्हणतात एकट्याला. वहीत नावं पुरुषांचीच असतात.

---

ओवी | रविवार, रात्री १०:५२

मग असं कर. वही मुकादमाची घे, पण यादी स्वतः बनव. गावातून निघण्याआधी, दिवाळीच्या आठवड्यात, घरोघर जाऊन प्रत्येक माणसाचं नाव लिही: कोण जाणार, कोणाबरोबर, मागे कोण राहणार. परत आल्यावर पुन्हा त्याच घरी जा. आणि "किती महिने बाहेर होतात?" असं एका फटक्यात विचारू नको. महिनावार चौकट आख. या महिन्यात कुठे होतीस, काय काम केलंस, आजारी पडलीस का, डॉक्टरकडे गेलीस का. सणांवरून विचारलंस की बायकांना सगळं आठवतं. हे तुला जमेल, कारण तुला ती घरं माहीत आहेत. आणि हे मोजणंच झालं. बघ, मी किती पुढे आले.

---

देवनारकर | रविवार, रात्री ११:००

ओवी, हेच आम्ही 'घटना-दिनदर्शिका' म्हणून शिकवतो. तुम्हाला देवनारला बोलवायला हवं.

फडावरची, मूळ प्रश्नाचं उत्तर आता नीट देता येईल. आधी पुस्तक नको. ओवी म्हणतात ती यादी एका गावाची कर. मग त्या यादीवरच शिक: वयाचा मनोरा काढ, दर काढ, प्रमाणीकरण कर. त्यानंतर सर्वेक्षणाचा मूळ विदा आणि भारांक. जीवनसारणी सावकाश शिक, पण शिकच. एक लाख बाळं एकदम जन्माला आली असं धरून प्रत्येक वयाला किती उरतात ते लिहीत जायचं. म्हणजे "सरासरी आयुर्मान पंचवीस" या वाक्याचा अर्थ पंचविशीत सगळे मरायचे असा नसतो, बाळं फार मरायची असा असतो, हे बोटांना कळतं. प्रतिगमन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण तिथून सुरुवात करतात आणि अडकतात. देवनारची प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर व्यक्तिगत निरोप कर.

---

जुना प्रगणक | सोमवार, सकाळी ६:३०

वयाबद्दल एक सूचना. बाई वय विचारल्यावर "असंल चाळीस" म्हणते. आमच्या तक्त्यात ३०, ३५, ४०, ४५ ला माणसांची जत्रा आणि ४१ ला शुकशुकाट.

---

वर्गमूळ | सोमवार, सकाळी ७:०५

त्याला मोजपट्टी आहे, व्हिपलचा निर्देशांक. २३ ते ६२ वयाची सगळी माणसं घ्या. त्यातली ० आणि ५ ने संपणाऱ्या वयाची वेगळी मोजा, पाचाने गुणा, एकूण माणसांनी भागा, शंभराने गुणा. १०० आलं तर वयं खरी सांगितली आहेत. ५०० आलं तर सगळ्यांनीच ० किंवा ५ सांगितलंय. १७५ च्या वर गेलात तर वयोगटवार प्रमाणीकरणावर फार विसंबू नका.

---

जुना प्रगणक | सोमवार, सकाळी ७:४०

म्हणून मी वय विचारायचोच नाही, घटना विचारायचो. मराठवाड्यासाठी माझ्या जुन्या वहीतली यादी देतो. रझाकाराचा काळ, म्हणजे पोलीस कारवाई, सप्टेंबर १९४८. बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा तू खडी फोडायला जात होतीस का, लग्न झालं होतं का? इंदिराबाईंना मारलं तेव्हा, ऑक्टोबर १९८४, थोरला शाळेत जात होता का? किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे, त्या वेळी अंगावर पिणारं कोण होतं? चार घटना विचारल्या की वय दोन वर्षांच्या आत सापडतं.

आणि बाई, पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ आहे. पुन्हा हंगामातच येतोय. घरयादीची फेरी आधी होते, तेव्हा कोप्या नसणार. तुमच्या भागातल्या तहसील कार्यालयाला आणि सांगलीकडच्याही कार्यालयाला आत्तापासून लेखी कळवा. कुठल्या गावच्या टोळ्या कुठल्या कारखान्याला जातात ही यादी तुमच्याइतकी कुणाकडे असणार?

---

फडावरची | सोमवार, रात्री ९:१५

मास्तर, अर्जाचा मसुदा लिहायला घेतला आहे. तालुक्यातल्या टोळ्यांची यादी जोडणार आहे.

तुमच्या घटना आज आईला वाचून दाखवल्या. किल्लारीच्या भूकंपाशी थांबली. म्हणाली, उचल घेऊन झाली होती, निघायला पंधरा-वीस दिवस होते, भांडी फळीवरून पडली आणि तुझा दादा पोटात होता. तो फडावरच झाला, संक्रांत होऊन गेल्यावर. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १९९४.

दादाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९९३ आहे. माझ्या वहीत आता वयाचे दोन रकाने आहेत: दाखल्यावरचं आणि आईने सांगितलेलं.